कापसाच्या खोलीतलं बाळंतपण

गादीवालीचं घर शोधायला पत्ता लागत नसे. गल्लीत शिरलं की कुणाच्या दाराच्या कडीवर, कुणाच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर, पायरीवर झोपलेल्या मांजराच्या पाठीवर पांढरं काहीतरी चिकटलेलं दिसे. ते जिथे दाट होत जाई, तिथे तिची खोली. खाली फरशी, वर पत्रा, मधे दोरीवर टाकलेला पडदा. पडद्याच्या अलीकडे धंदा, पलीकडे संसार. पण कापसाला पडदा कुठे कळतो? तो चहात पडे, पापण्यांवर बसे, देवाच्या तसबिरीच्या काचेवर चिकटे. रोज सकाळी ती काच पुसताना गादीवाली म्हणे, "देवा, तुला खोकला येत नाही म्हणून बरं आहे."

जुनी गादी फोडायची, आतला दगड झालेला कापूस मशिनीत पिंजून मोकळा करायचा, नव्या खोळीत भरायचा आणि लांब सुईने टाके घालायचे, हे तिचं काम. नवरा गेला तेव्हा लोक म्हणाले, धंदा बुडाला. पण तिने पदर खोचला आणि तो ओढून नेला. मुलगा हाताशी आला तसा मशीन त्याच्याकडे गेलं. गाद्या हातगाडीवर घालून पोचवायचं कामही त्याचंच. बोलणं त्याच्या वाट्याला कमी आलं होतं, ते सगळं आईने घेतलं होतं.

आणि काय बोलत असे! जुनी गादी नुसती तळव्याने दाबून ती घरातलं राजकारण सांगे. "या घरात नवरा मधोमध पसरतो आणि बायको कडेला लोंबकळते. बरोबर?" गिऱ्हाईक लाजून लाल. "ही म्हातारीची गादी. उजव्या कुशीवर झोपते, डावा गुडघा दुखतो." म्हातारीचा मुलगा बघतच राही. गल्लीत म्हण पडली होती, की गादीवालीपासून एक वेळ पाप लपेल, झोप लपणार नाही.

अशा घरात सून आली ती हसत आली. आल्या आल्या खोलीभर रचलेल्या गाद्या पाहिल्या, पडद्यापलीकडची चटई पाहिली आणि म्हणाली, "आई, हलवायाच्या घरी साखरेची टंचाई म्हणतात ती हीच का?" सासूला वाटलं होतं, नवी सून मान खाली घालून बसेल. तिला हसू आवरेना. त्याच दिवशी तिने एक चांगली जाड गादी बांधायला घेतली आणि सुनेच्या अंगाखाली घातली. गल्लीत त्या दोघींची आवडती जोडी झाली. एक टाका घाली, दुसरी दोरा ओवी, आणि तोंडं दोन्हीकडची चालू. समोरच्या काकू, ज्यांना सगळे रेडिओ म्हणत, त्या स्वतःच्या दारात बसून म्हणायच्या, "सासू-सुना अशा हसायला लागल्या तर आम्ही बातम्या कुठून आणायच्या?"

पुढे सुनेला दिवस गेले आणि मुलगी झाली. बाळंतपण अवघड गेलं. दवाखान्यातून घरी आली तेव्हा सून भिंतीला धरून चालत होती. बाळ मात्र एवढंसं आणि ठणठणीत, म्हणून रेडिओकाकूंनी तिला पिटुकली म्हणायला सुरुवात केली.

आता गादीवालीच्या मनात काय होतं ते सांगायला हवं. या मुलाच्या आधी तिला एक मुलगा झाला होता, याच खोलीत. त्याला धाप लागे, श्वास घेताना छाती वाजे. कापसाचे तंतू आत जातात, असं कुणीतरी म्हणालं तोवर फार उशीर झाला होता. देवाने दिलं आणि देवाने नेलं, असं ती इतरांना सांगत आली. स्वतःला मात्र तिने ते कधी पूर्ण पटवून दिलं नव्हतं. म्हणून नात झाली त्या दिवशीच तिने ठरवून टाकलं. बाळ कापसात राहणार नाही. धंदा दुसरीकडे हलवायला दुसरीकडे काही नव्हतं. तेव्हा बाळाने हलायचं. रेडिओकाकूंची खोली समोरच, स्वच्छ, त्यांची मुलं मोठी होऊन आपापल्या वाटेला लागलेली. काकूंना तर गुळाची ढेप सापडल्यासारखं झालं.

व्यवस्था अशी ठरली. पिटुकली काकूंकडे राहणार. सुनेने वेळ झाली की उठायचं, अंगावरचा कापूस झटकायचा, हात-तोंड धुवायचं, खुंटीवरचा धुतलेला गाउन अंगात चढवायचा, समोर जाऊन बाळाला पाजायचं आणि परत यायचं. रात्रीही बाळ तिकडेच. रडलं की काकू खिडकीतून हाक मारत. गल्लीने गादीवालीची वाहवा केली. "सासू असावी तर अशी. सुनेला आयतं बाळ मिळतंय. ना मालिश, ना लंगोट, नुसतं जायचं आणि पाजायचं."

सुनेने आधी विचारलं होतं, "मी तिकडेच राहू का थोडे दिवस?" गादीवाली म्हणाली, "आणि काकूंच्या खोलीत तुला पाय कुठे पसरता येतील? इथे तुझी गादी आहे. बिनघोर झोप. बाळंतिणीला झोप म्हणजे औषध." यात तिला खोटं काहीच वाटत नव्हतं. स्वतःच्या बाळंतपणात तिला जे मिळालं नव्हतं तेच ती ताटात वाढून देत होती.

थोड्याच दिवसांत सून टाके घालायला बसली. कुणी सांगितलं नव्हतं. "पुरे गं, अजून अंग ओलं आहे," असं सासू म्हणाली, पण सून उठेना. मान खाली, सुई वर, सुई खाली. पूर्वी एक गादी संपेतो दहा गोष्टी सांगून व्हायच्या. आता गोष्ट नाही, पण गाद्या भराभर. टाके असे सरळ की दोरीने आखलेत. गादीवाली येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवी. "बघा, बाळंतीण आहे म्हणून सांगितलं तर खरं वाटेल का? हात चालतोय तोवर माणूस चांगलं." हे तिचं जुनं वाक्य होतं. याच वाक्याच्या काठीवर ती स्वतः आजवर चालत आली होती.

जेवणाचं ताट सुनेच्या पुढ्यात गार होई. विचारलं तर म्हणे, "नंतर." केस विंचरलेले नसत, त्यात कापूस अडकलेला असे, आणि तिला तो काढावासा वाटत नसे. बोलणं 'हो', 'नाही' आणि 'चालेल' एवढ्यावर आलं होतं. गादीवालीला हे दिसत नव्हतं असं नाही. दिसत होतं, पण ती त्याला थकवा म्हणत होती. नाव दिलं की काळजी निम्मी होते.

एक दिवस रेडिओकाकू दारात उभ्या राहिल्या, कमरेवर हात ठेवून. "तुझ्या सुनेचं काय बिनसलंय ते विचार जरा."

"काय झालं?"

"पाजते, पण बघत नाही. भिंतीकडे तोंड. गायसुद्धा वासराला चाटते गं! आणि माझ्या खाटेवरची उशी तिला खुपते. आल्या आल्या म्हणते, काकू, आधी ती उशी बाहेर ठेवा."

"उशी कुणाच्या हातची आहे? बिघडलेली असेल, गाठी झाल्या असतील. आमच्या लोकांच्या डोळ्यांत वाईट काम सलतं."

"तुझ्याच हातची आहे!" काकू म्हणाल्या. दोघी हसल्या. विषय तिथेच वाहून गेला.

आत पडद्यापलीकडे सून गाउन अंगात चढवत होती. तिने ते ऐकलं असणार.

मग आरोग्य केंद्रातल्या ताई आल्या, वजनकाटा खांद्याला लावून घरोघर फिरणाऱ्या. काकूंकडे बाळाचं वजन छान भरलं. मग ताईंनी इकडे येऊन सुनेला समोर बसवलं आणि कागद काढून विचारलं, "झोप लागते का?"

"लागते की!" गादीवाली म्हणाली. "गादीवाल्याच्या घरात झोपेला काय तोटा?"

सगळे हसले. सूनही हसली, नुसत्या ओठांनी.

"भूक?"

"खाते. माझ्या नजरेसमोर खाते."

"उगाच रडू येतं? जीव घाबरतो?"

"अहो ताई, हिला रडायला वेळ कुठे आहे? टाके बघा हिचे."

ताईंनी टाके पाहिले. सुनेकडेही पाहिलं, पण गल्लीत अजून बरीच घरं राहिली होती. गादीवाली खोटं बोलायला बसली नव्हती. ती सुनेचं नाव सांभाळत होती. बाईला एकदा नाव पडलं की ते खोळीसारखं बदलता येत नाही, हे तिने या गल्लीत पाहिलं होतं.

याच सुमाराला एका नव्या लॉजचं मोठं काम आलं. गाद्या आणि तेवढ्याच उश्या. दोघीजणी कामाला लागल्या. गाद्या एकावर एक चढत छताला टेकायला आल्या. उश्यांच्या खोळी मात्र जशाच्या तशा, एका कोपऱ्यात. गादीवालीने वाट पाहिली. मग म्हणाली, "आता उश्या घे."

"तुम्ही घ्या. मी अजून एक गादी करते."

"गाद्या झाल्या सगळ्या."

"मग जुन्या फोडते."

"अगं, लॉजवाला आज माणूस पाठवणार आहे. गादी चालते आणि उशी टोचते होय? उशी म्हणजे लहान मुलाचं काम. चल."

सून हलली नाही. गादीवालीचा पारा चढला. धंद्यात तोंडावर पडायची तिला सवय नव्हती. "बाळ दुसऱ्याच्या घरी वाढतंय, ताट पुढ्यात येतंय, आणि वर नखरे! आम्ही बाळ पाठीला बांधून कापूस झोडपला. घे ती खोळ."

सुनेने खोळ घेतली. मुठीने कापूस आत कोंबला, पुन्हा कोंबला. उशी फुगत गेली. शिवायची वेळ आली तेव्हा तिने ती मांडीवर घेतली, दोन्ही हातांनी चापली, आणि एकदम विस्तव हातात आल्यासारखी लांब फेकली. उशी भिंतीला लागून फुटली. खोलीभर पांढरं उडालं.

"काय गं हे!"

सून हात पदरात लपवून बसली होती. आवाज इतका बारीक, की मुलाच्या जागी मशीनवर बसलेल्या गादीवालीला ते बंद करावं लागलं.

"आई, उशी हातात घेतली की मला भलतंच दिसतं."

"भलतं म्हणजे?"

"पिटुकली दिसते. उशीखाली. मी दाबतेय असं दिसतं. मला नको असतं, आई. मी डोळे मिटते तरी दिसतं. झोपले तरी दिसतं. म्हणून मी झोपत नाही. म्हणून तिच्याकडे बघत नाही. तुम्ही तिला तिकडे ठेवलंत ना, तेव्हा मला वाटलं, यांना कळलं. या पोरीजवळ बाळ ठेवायचं नाही, हे आईंना कळलं."

गल्लीभरच्या लोकांच्या झोपा ती हाताने चाचपून सांगत आली होती. सुनेच्या गादीला तिने बाळंतपणापासून हात लावला नव्हता. आता नकळत तिचा हात पडद्याखालून त्या गादीवर गेला. गादी सपाट होती. जिथे अंग पडायला हवं तिथे कुणी पडलंच नव्हतं. फक्त भिंतीकडच्या कडेला एक खळगा होता, माणूस गुडघे पोटाशी घेऊन बसून राहतं तसा.

आणि मग तिने जे केलं ते कुठल्याही आजीने केलं असतं. ती उठली, समोर गेली, काकूंच्या हातातून बाळ घेतलं, छातीशी आवळलं आणि म्हणाली, "सुनेला आता पाजायला इकडे येऊ द्यायचं नाही. मी सांगेपर्यंत नाही. दाराला आतून कडी लावा."

काकूंनी विचारलं, "का?" गादीवालीने सांगितलं नाही. पण ती बाळ परत हाती देईना, त्यावरून काकूंना बरंच कळलं असावं.

परत आली तेव्हा सून तिथेच बसली होती, कापसात. तिने कडी लागल्याचा आवाज ऐकला होता.

"बरं केलंत, आई," ती म्हणाली.

एवढंच. रागाने नाही, टोमण्याने नाही. आभार मानावेत तसं. गादीवालीला तो शब्द सुईसारखा आरपार गेला.

दुपारभर समोरच्या खिडकीतून पिटुकलीचं रडणं येत राहिलं. काकूंनी वरचं दूध दिलं, ते तिला उतरेना. इकडे सुनेचं पोलकं छातीशी ओलं झालं. तिने पदराने तो भाग झाकला, आणि रडण्याचा आवाज वाढला की पदर आणखी घट्ट धरी. गादीवाली तिच्या शेजारी बसली. काय बोलावं? 'असं मनात आणू नये' असं म्हणाली, तर सून म्हणाली, "मी आणत नाही, ते येतं." 'देवाचं नाव घे' असं म्हणाली, तर सून म्हणाली, "घेते. नाव घेता घेताही येतं." गादीवालीने स्वतः तसबिरीकडे पाहून हात जोडले. आजवर तिने देवाकडे काम मागितलं होतं, मुलाला बरकत मागितली होती, गुडघे धडधाकट मागितले होते. आता काय मागावं याला तिच्याकडे शब्दच नव्हता.

संध्याकाळी मुलगा हातगाडी लावून आत आला. आईने त्याला बाहेर नेऊन सांगितलं. तो बराच वेळ गाडीच्या चाकाशी खेळत राहिला.

"माहेरी पाठव तिला," तो म्हणाला.

"बाळासकट?"

"बाळ कसं देऊ?"

"माहेर म्हणजे भावाची एक खोली. वहिनी दारात उभं करणार नाही."

"मग काय करू मी, आई? मला भीती वाटते घरात यायला." मोठा बाप्या माणूस, पण लहान मुलासारखा गाडीमागे सरकला. "ती माझ्याकडे बघते तेव्हा वाटतं, कुणीतरी तिच्या आतून मला हाक मारतंय आणि दार सापडत नाहीये."

त्याला इतकं लांब वाक्य बोलताना आईने कधी ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू स्वतःच आल्या. कडी का लावायची ते त्यांनी पुन्हा विचारलं नाही. उंबऱ्यावर बसल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "माझी धाकटी बहीण अशीच गप्प झाली होती बाळंतपणानंतर. आम्ही तिचं बाळ काढून घेतलं. त्या बाळाला काही करील म्हणून. तिने बाळाला काहीच केलं नाही. स्वतःला केलं."

गल्लीभर बातम्या वाटणाऱ्या बाईने ही एक बातमी आयुष्यभर पोटात ठेवली होती.

"मग मी काय करू?" गादीवालीने विचारलं.

"मला ठाऊक असतं तर माझी बहीण आज असती."

गादीवाली आरोग्य केंद्रात गेली. तिथे रांग, खोकणारी माणसं, रडणारी मुलं. वजनकाट्याच्या ताई दिसल्या तशी ती म्हणाली, "ताई, आमच्या शेजारी एक पोर आहे, तिला…" आणि अडली. ताईंनी तिला बाजूच्या बाकावर बसवलं. "शेजारची पोर की सून?" असं त्यांनी विचारलं नाही, हेच उपकार. गादीवालीने शेजारच्या पोरीची सगळी हकिगत सांगितली, आणि शेवटी तिच्या तोंडून निघून गेलं, "माझी हसरी पोर होती हो ती."

ताईंनी तिचा हात धरला. म्हणाल्या, बाळंतपणानंतर हा आजार येतो, पुष्कळ बायकांना येतो, वेड नाही. तिला ते विचार नकोसे वाटतात, त्यांची भीती वाटते, म्हणूनच तिने सांगितलं. तिने सांगितलं हे फार मोठं केलं. पण घरच्या घरी निस्तरण्यासारखं नाही, डॉक्टरांना दाखवलंच पाहिजे, तोवर तिला एकटी सोडायची नाही. "मी त्या दिवशी तिलाच विचारायला हवं होतं," असंही ताई म्हणाल्या. गादीवालीने मान खाली घातली. विचारलं होतंच की. उत्तरं दुसरीनेच दिली होती.

मोठ्या दवाखान्यात मनाच्या आजाराचे डॉक्टर आठवड्यातून एकदाच बसत. ताईंनी चिठ्ठी दिली, निरोपही धाडला, तरी तो दिवस यायचा तेव्हाच आला. तोवर घरातली सुई, कात्री, दोर, सगळं मुलाने हातगाडीखालच्या पेटीत टाकून कुलूप लावलं. म्हणजे धंदाच कुलपात गेला. पिटुकलीला काकू चमच्याने वरचं दूध घालत राहिल्या.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, डोळ्यांखाली काळं, पुढ्यात कागदांचा ढीग. त्यांनी सुनेला विचारलं, "काय होतंय?"

"डॉक्टर, हिला ना…" गादीवाली बोलू लागली.

बाईंनी तिच्याकडे न बघता नुसता हात वर केला. बाहेरची माणसं दार ढकलत होती, शिपाई ओरडत होता, आणि सून गप्प. गादीवालीच्या जिभेवर उत्तर येऊन बसलं होतं, ते तिने दातांखाली धरलं. किती वेळ गेला कोण जाणे. शेवटी सून म्हणाली, "मी चांगली आई नाही." आणि तिथून जे फुटलं ते थांबेना. मी नसले तर बाळाचं बरं होईल, असं रोज वाटतं, हेही तिने सांगितलं. हे गादीवालीला ठाऊक नव्हतं.

गोळ्या मिळाल्या. बाई म्हणाल्या, लगेच गुण येणार नाही, काही आठवडे जातील, बंद करायच्या नाहीत. दूध पाजायला हरकत नाही. बाळ आईपासून तोडू नका, पण दोघींना एकटंही सोडू नका. कुणीतरी सतत जवळ हवं, दिवसाही आणि रात्रीही. आणि जिवाचं काही बोलली तर तिथल्या तिथे घेऊन या, आमच्या ठरलेल्या वाराची वाट बघू नका.

"बाई, घरात आम्ही दोघं कमावणारी. मी तिच्याजवळ बसले तर गाद्या कोण भरणार? आणि बाळाला कापसात कसं आणू? माझं एक…"

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "मला कळतंय, मावशी," त्या म्हणाल्या. खरंच कळलं असावं. पण त्याला त्यांच्याकडे गोळी नव्हती. शिपायाने पुढच्या बाईला आत सोडलं.

मग काकूंच्या खोलीत सून राहायला गेली. पाय पसरायला जागा नव्हती, म्हणून काकू दारात झोपू लागल्या. त्यांच्या खाटेवरची उशी आता ट्रंकेत गेली होती. दिवसा गादीवाली येऊन बसे. लॉजवाल्याने अर्धं काम दुसऱ्याला दिलं. मुलगा एकटाच पिंजे, एकटाच भरे, त्याचे टाके वेडेवाकडे जात. गल्लीने विचारलं, "सून तिकडे का?" रेडिओकाकूंनी सांगितलं, "मला म्हातारीला सोबत हवी." जन्मात पहिल्यांदा त्यांनी छोटी बातमी सांगितली आणि लोकांना ती पुरली नाही. कुजबुज व्हायची ती झालीच. एकीने गादीवालीला रस्त्यात अडवून विचारलं, "बाळाला काही केलंन का हो तिने?" गादीवाली तिला ओलांडून झपाझप घरी आली.

गोळ्या चालू होत्या. सून थोडी झोपायला लागली, एवढाच फरक. झोपेतून दचकून उठे आणि आधी बाळाकडे नव्हे, स्वतःच्या हातांकडे बघे. कधी पिटुकलीला मांडीवर घेई, तेही सासू शेजारी असली तरच. उकळतं पातेलं धरावं तसे दोन्ही हात ताठ, अंगापासून लांब. पिटुकलीला काय कळतंय, ती आपली तोंड उघडून आईकडे बघत राही. आई नजर वळवी. कधी वळवायला जरा उशीर होई. त्या उशिराकडे गादीवाली डोळे लावून बसे, शेत पेरलेल्याने ढगाकडे बघावं तसं. पण परवा होता तो उशीर काल नव्हता, आणि आज आहे की नाही ते सांगता येत नव्हतं.

अशाच एका दुपारी काकू दुकानात गेल्या होत्या. मुलगा गाडी घेऊन लांब गेला होता. सून बाळाला पाजत होती, गादीवाली तिच्या गुडघ्याला गुडघा लावून बसली होती. समोरून तिच्या बंद दारावर थापा पडू लागल्या.

"गादीवाली! ओ गादीवाली! आज देते म्हणाला होतात!"

जुनं गिऱ्हाईक, चांगलं गिऱ्हाईक. आवाजावरून ओळखलं तिने. हे गेलं तर परत येणार नव्हतं.

"जा, आई," सून म्हणाली. "मी आहे. जा."

गादीवाली अर्धवट उठली. सुनेचा एक हात बाळाखाली होता. दुसऱ्या हाताने तिने सासूचा पदर धरला होता. तिला ते कळलंही नसावं. बोटं पांढरी पडली होती.

"जा की," ती पुन्हा म्हणाली, आणि बोटं सुटेनात. "नको. जाऊ नका. मला माझा भरवसा नाही वाटत."

"मला आहे," असं म्हणावं म्हणून गादीवालीने तोंड उघडलं. पण आहे का? तिने त्या पोरीच्या डोळ्यांत पाहिलं, मग बाळाकडे पाहिलं. तिला खरंच ठाऊक नव्हतं. खोटं बोलायची आता तिची छाती नव्हती. ती खाली बसली.

"गादीवाली! आहे का कुणी घरात?"

देवा, एवढंच ती मनात म्हणाली.

थापा आणखी थोडा वेळ चालल्या, मग पावलं गल्लीच्या तोंडाकडे गेली. पिटुकली पिता पिता झोपली होती. सुनेचा हात पदरावर तसाच होता आणि गादीवालीचा गुडघा दुखायला लागला होता, पण तिने तो हलवला नाही.